सहृदयता-शिक्षण

प्राथमिक शाळेतील मुलांना परस्परांशी आपुलकीने वागण्याचा नियमित सराव देऊन वर्गातील दादागिरीला आळा घालण्याची शैक्षणिक पद्धती. ती मूल्यशिक्षणाचा भाग मानली जात असली, तरी मूल्याचा अर्थ समजावण्यापेक्षा वर्गातील नातेसंबंध बदलण्यावर तिचा रोख असतो.

अशा दादागिरीसाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी ‘बुलिंग’ या शब्दाला मराठीत एकच स्थिर प्रतिशब्द नाही, दमदाटी, छळ, चिडवाचिडवी यांपैकी प्रत्येक शब्द त्या अर्थाचा एकेक भाग व्यापतो आणि ‘रॅगिंग’ हा शब्द महाविद्यालये व वसतिगृहे यांच्याशी जोडला गेला आहे. ‘बुली’ हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकात ‘लाडकी व्यक्ती’ या अर्थाने वापरात होता. तो बहुधा ‘प्रियकर’ अशा अर्थाच्या एका डच शब्दावरून आला असावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याला धाकदपटशाचा अर्थ चिकटला. हे अर्थांतर कसे घडले याविषयी एकमत नाही. मात्र थोरल्या भावासाठी असलेला ‘दादा’ हा शब्द मराठीतही गल्लीतल्या गुंडाला लागू झाला, हे साम्य लक्षणीय आहे. या पद्धतीच्या नावासाठी सुचू शकणाऱ्या ‘दयाळूपणा’ या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असा भाव डोकावतो. छळाच्या मुळाशी बळाचा असमतोलच असल्याने येथे ‘सहृदयता’ ही संज्ञा अधिक उचित वाटते.

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ साधारणपणे १९७० च्या सुमारास स्कँडिनेव्हियात झाला, असे मानतात. पेटर-पाउल हाइनेमान या स्वीडनमधील डॉक्टरांनी १९६९ मध्ये शाळकरी मुलांच्या सामूहिक छळासाठी ‘मॉबिंग’ हा शब्द रूढ केला. शत्रूवर थव्याने तुटून पडणाऱ्या पक्ष्यांच्या वर्तनासाठी तो प्राणिवर्तनशास्त्रात, विशेषतः कोनराड लोरेन्झ यांच्या लेखनामुळे, परिचित होता. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयुस यांनी त्या शब्दावर आक्षेप घेतला : झुंडीवर भर दिला की विशिष्ट मुलाची जबाबदारी झाकली जाते आणि एकट्याने केलेला छळ सुटून जातो. हेतुपूर्वकता, पुनरावृत्ती आणि बळाचा असमतोल हे त्यांचे तीन निकष आजही बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. कट्टी-बट्टी त्यांत बसत नाही, कारण ती दोघांत असते आणि बरोबरीने तुटते-जुळते. पण साऱ्या वर्गाने एकाच मुलाशी आठवडेच्या आठवडे कट्टी धरली, तर ते वाळीत टाकणेच होय. पुढे फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना सालमिवाली आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये छळणाऱ्याला साथ देणारे, हसून चेतवणारे, बाजूला राहणारे आणि बचाव करणारे अशा भूमिका वेगळ्या दाखवून समूहाचा मुद्दा नव्या रूपात मांडला. सहृदयता-शिक्षणाच्या दृष्टीने ही मांडणी अधिक उपयुक्त ठरते. कारण वर्गातल्या एका दांडगट मुलाचे मन वळवण्यापेक्षा हसणाऱ्या दहा जणांचे हसू थांबवणे शिक्षकाच्या अधिक आवाक्यातले असते.

टोरांटो येथील शाळांच्या मैदानांवरील निरीक्षणांत (२००१) सोबत्यांनी मध्ये पडल्याचे प्रसंग थोडे, सुमारे १९ टक्के, आढळले. मात्र अशा हस्तक्षेपांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. व्हँकूव्हरमधील ९ ते ११ वर्षांच्या मुलांवरील प्रयोगात (२०१२) एका गटाने चार आठवडे दर आठवड्याला तीन चांगली कृत्ये केली, तर दुसऱ्याने तीन ठिकाणांना भेटी दिल्या. आनंद दोन्ही गटांत वाढला, परंतु वर्गमित्रांकडून होणारा स्वीकार पहिल्या गटात अधिक वाढला. दादागिरी स्वतंत्रपणे मोजणे हा या प्रयोगाचा हेतू नव्हता, ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. दादागिरी-प्रतिबंधक कार्यक्रमांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात छळ करण्याचे प्रमाण सरासरी १९-२० टक्क्यांनी, तर छळ सोसण्याचे १५-१६ टक्क्यांनी घटल्याचे दिसते.

महाराष्ट्रापुरता विचार करता, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे (ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात) चालवलेले बालशिक्षणाचे कार्य या पद्धतीचे पूर्वरूप म्हणता येईल. तेथे धाक आणि शिक्षा यांना थारा नव्हता. महाराष्ट्राच्या मूल्यशिक्षणातील दहा मूल्यांत संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता यांचा समावेश आहे. परिपाठातल्या बोधकथेतून ती सांगितली जातात, पण सांगणे आणि सराव यांतील अंतर शिक्षकांना ठाऊकच असते.

उदाहरणार्थ, नवी मुंबईत सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी (स्थापना १९७०) जमिनी संपादित झालेल्या गावांतील आगरी-कोळी कुटुंबे, बाजार समितीतील माथाडी कामगारांची घाटावरील कुटुंबे आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात परप्रांतांतून आलेले कामगार यांची मुले शेजारी शेजारी राहतात. अशा वर्गात बोलीचा हेल, डब्यातली सुकट, आडनाव किंवा चष्मा हे टोमण्याचे विषय ठरू शकतात. छळाला सोयीच्या जागा जिना, नळ, स्वच्छतागृह आणि शाळेची व्हॅन या. वेळ प्रायः मधल्या सुट्टीची. म्हणून सरावही तेथेच बेतावा लागतो : डब्याच्या पंगती आठवड्याला बदलणे, नव्या मुलाला सोबती नेमून देणे, ‘चल, आपण तिकडे खेळू’ असे म्हणून त्रासात सापडलेल्याला बाजूला नेण्याची नाट्यरूपाने तालीम घेणे. चुगली आणि मदत मागणे यांतला फरक पहिली-दुसरीतच शिकवावा लागतो. वर्गात शिक्षकानेच एखाद्याच्या हेलाची नक्कल केली, तर हा सारा खटाटोप फुकट जातो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. मात्र त्याचा रोख शिक्षकांकडे व शाळेकडे आहे, मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाकडे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात सहानुभूती, क्षमा आणि इतरांविषयी आदर यांचा उल्लेख आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.