मोज्याच्या टोकाला चिकटलेलं नाव

मोज्याचं बोटांकडचं टोक जोड दिसू न देता बंद करायच्या टाक्याला 'किचनर स्टिच' म्हणायचं की साधं ग्राफ्टिंग, यावरून विणणाऱ्यांच्यात अधूनमधून ठिणगी पडत असते. त्याच्या मागचं थोडं लिहितेय. सुलट-उलट टाके, घटवणं वगैरे येतं असं धरून चालते.

फार मागं जायचं तर इजिप्त. तिथं सापडलेले लालसर लोकरी मोजे तिसऱ्या ते पाचव्या शतकातले आहेत, अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं वेगळी कारण वरून चप्पल घालायची, पण ते आपल्या अर्थानं विणकाम नव्हेच, एकाच नेढ्याच्या सुईनं लोकरीचे छोटे छोटे तुकडे ओवत नेलेलं काम आहे, आणि तरी 'जगातला पहिला विणलेला मोजा' म्हणून तोच फोटो फिरत राहतो. खरे दोन सुयांच्या पद्धतीचे म्हणता येतील असे निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजेही इजिप्तमधलेच, पण कित्येक शतकं नंतरचे. मग १५८९ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरच्या एका पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र काढलं. यंत्र सपाट पट्टी विणायचं, ती पायाच्या आकारात शिवून घ्यावी लागे. म्हणजे शिवण यंत्राबरोबर आली, हातानं गोल विणणाऱ्या बायकांच्या मोज्याला अंगभर शिवण नव्हतीच कधी, प्रश्न उरायचा तो फक्त टोकाचा.

तर टोक. चार-पाच सुयांवर गोल विणत, टाके घटवत आलो की शेवटी काही टाके उरतात. एक तर धागा त्यातून ओवून पिशवीच्या नाडीसारखा ओढायचा, नाहीतर आतल्या बाजूनं दोन सुयांवरचे टाके एकत्र बंद करायचे. ओढलं की गाठोडं होतं, बंद केलं की आत कडा राहते. घरात घालायला काही बिघडत नाही, पण बुटात ती कडा बोटांवर घासते, आणि पाय ओला असेल तर कातडी सोलूनच निघते.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या हिवाळ्यात, फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत नेमकं हेच होतं, ओले पाय. दिवसच्या दिवस थंड चिखलात उभं राहून पाय सुजायचे, बधिर व्हायचे, सडायचे, हजारो सैनिक निव्वळ पायांमुळे निकामी झाले. सप्टेंबरात मार्सेलला उतरलेल्या आपल्याकडच्या तुकड्याही त्याच चिखलात होत्या. पुढं हुकूम निघाले की मोजे रोज बदला, पायाला व्हेलचं तेल चोळा. त्यामुळे मोजे लागायला लागले ते ढिगानं, आणि ब्रिटनभर बायका, शाळकरी मुली, आजारी माणसं, सगळे सुया घेऊन बसले. सगळ्यांना कुठं चांगलं विणता येत होतं! कुणाची टाच वितभर, कुणाच्या जोडीतला एक मोजा लांब, म्हणून छापील पॅटर्न वाटले गेले.

इथून गोष्ट गुंततेय. त्या वेळचा ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर, म्हणजे सैन्यभरतीच्या पोस्टरवर बोट रोखून बघणारा तो मिशाळ चेहरा. सांगतात असं की बोटांना न टोचणारं टोक त्यानं स्वतः शोधून काढलं, किंवा निदान करवून घेतलं. पुरावा मागितला की मात्र हात वर. युद्धकाळच्या पॅटर्नमध्ये त्याचं नाव दिसतं ते मोज्याला किंवा त्याच्या टोकाच्या आकाराला, त्या टाक्याचा शोध त्यानं लावला असं त्यातून निघत नाही. टाका तर आधीपासून होताच. एकोणिसाव्या शतकातल्या शिवण-विणकामाच्या पुस्तकांत तो रफू-दुरुस्तीत येतो, फाटका भाग काढून नवा तुकडा असा जोडायचा की जोड दिसू नये. माझं मत विचाराल तर कुणातरी हुशार बाईनं दुरुस्तीचा टाका टोकाला वापरला आणि नाव मिळालं मंत्र्याला. १९१६ च्या जूनमध्ये ऑर्कनेजवळ त्याचं जहाज सुरुंगावर आदळून तो बुडाला, नाव तेवढं सुईवर राहिलं.

नावाला विरोध करणारे शोधाचं श्रेय धरून बसलेले नाहीत, त्यांचा मुद्दा आहे दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध. शेतं-घरं जाळून बायका-मुलांना कॅम्पात डांबायचं धोरण तिथं सेनापती असलेल्या याच किचनरच्या हाताखाली पसरलं, २६ हजारांवर बोअर बायका-मुलं त्यात गेली, काळ्या आफ्रिकी लोकांचे कॅम्प वेगळे आणि तिथले मृत्यू तर कुणी धड मोजलेही नाहीत. आपल्याकडंही हा पाहुणा अनोळखी नव्हे, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती हाच, आणि बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयनं १९०५ मध्ये राजीनामा दिला तो याच्याशी भांडूनच. नाव ठेवा म्हणणारे म्हणतात की जुने पॅटर्न शोधायला तोच शब्द लागतो. तेही खरंय. मी ग्राफ्टिंग म्हणते, आणि हात चालताना मनात म्हणते ते तर तिसरंच: पुढच्या सुईवर 'सुलट काढ, उलट ठेव', मागच्या सुईवर 'उलट काढ, सुलट ठेव'. मध्येच दाराची बेल वाजली की संपलं, कुठल्या सुईवर होतो तेच आठवत नाही.

आपल्याकडं हा प्रश्न फारसा आलाच नाही, कारण आपला मोजा बाळंतविड्यातला. टोपडं, स्वेटर आणि घोट्याशी दोरी-गोंडे असलेले मोजे, दोन सुयांवर सपाट विणून तळव्याखाली शिवलेले. बाळ चालत नाही, त्यामुळे शिवण कुणाला टोचत नाही, दोरी बांधली की फिटिंगही झालं. मोठ्या माणसाच्या विणलेल्या मोज्याची परंपरा बघायची तर हिमाचलमधलं लाहौल बघावं, तिथं १८५० च्या दशकात केलाँग गावी आलेल्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून विणकाम शिकलं गेलं आणि २०२१ मध्ये लाहौली मोजे-हातमोज्यांना जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला.

बाळाच्या मोज्यावर हात बसलेला, म्हणून मी मोठ्यांचा पहिला जोड तसाच केला. कोपऱ्यावरच्या दुकानातली जाड ॲक्रिलिक, पायाच्या घेराएवढाच घेर, टोक अगदी मन लावून ग्राफ्ट केलेलं. दोन धुण्यांत पिशवी झाली. बुटात टाच घसरून तळव्याखाली गोळा व्हायची आणि ते सुंदर टोक पुढं रिकामंच लोंबायचं.

फिटिंग टोकावर ठरत नाही हे तेव्हा कळलं, ते ठरतं लोकर, घेर आणि टाचेवर, आणि यातलं बरंचसं युद्धांनंतरचं आहे. नायलॉन बाजारात आलं १९३० च्या दशकाच्या शेवटी, पुढं ते लोकरीत मिसळायला लागले, आज सॉक यार्न म्हणून मिळतं ते बहुतेक ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर. मशीनमध्ये धुतलं तरी आटू नये म्हणून लोकरीवर प्रक्रिया करतात ती सुपरवॉश, तिनं सोय झाली पण अशी लोकर धुतल्यावर थोडी सैलावते, म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजायचे. मोजा पायापेक्षा घेरात दहाएक टक्के लहान हवा, ताणून बसला तरच जागेवर राहतो. पावलाचा घेर २३ सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरात ३२ टाके येत असतील तर हिशोब ६६ च्या आसपास जातो, चारानं भाग जावा म्हणून ६४ घ्यायचे. लांबीतही सेंटिमीटरभर कमी.

पॅटर्न निवडताना बहुतेक जण डिझाइन बघतात, मी टाच बघते. पायाचा वरचा भाग उंच असेल तर टाचेशी पट्टी विणून बाजूनं टाके उचललेली, कळीवाली टाच घ्यावी, तिथं जागा जास्त मिळते. अर्ध्या ओळींत वळवत नेलेली टाच दिसते नीट पण उंच पायाला घोट्यापुढं कचते. तिसरा प्रकार मागाहून बसवायच्या टाचेचा, सगळी नळी विणून घ्यायची आणि टाचेच्या जागी धागा काढून तिथले टाके सुयांवर घ्यायचे. टाच झिजली की तेवढीच उसवून नवी विणता येते. फक्त ती बंद करताना परत तेच, सुलट काढ, उलट ठेव.