लॅमिंग्टन रोडपासून सव्वाचारशे किलोमीटर

अमळनेर, जळगाव, धुळे, कुठंही जा. जुना डेस्कटॉप चालू होईना म्हणून दुकानात नेला, तर दुकानदार आधी कॅबिनेट उघडतो, रॅमची पट्टी काढतो आणि ड्रॉवरमधला शाळकरी खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर दोन्ही बाजूंनी घासतो. पट्टी परत बसवतो, बटण दाबतो, एक छोटा ‘बीप’ येतो आणि मशीन उठतं. दातांवर धुळीचा आणि दमटपणाचा थर चढलेला असतो, तो रबरानं निघतो, एवढंच त्यातलं शास्त्र. हे त्याला कुठल्या क्लासात शिकवलेलं नसतं. त्यानं ते कुणाकडून तरी बघून घेतलं आणि त्या कुणीतरी आणखी कुणाकडून. ही साखळी मागं नेली तर ती साधारण १९८५ ते २००० या पंधरा वर्षांत जाऊन थांबते. खान्देशात पीसी आला तो काळ हाच.

आयबीएमनं पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत काढला. त्या आधीच, १९७७-७८ च्या सुमाराला, परकीय चलन कायद्याच्या वादातून ती कंपनी भारतातून निघून गेली होती, त्यामुळं इथला बाजार देशी कंपन्यांच्या हाती आला. त्यातल्या एका मोठ्या कंपनीचं जन्मगाव आमचंच. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ ला स्थापन झाली आणि तिची तेलाची गिरणी होती अमळनेरात. तिचीच पुढं विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती संगणक बनवायला लागली. अमळनेरात कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत विप्रोचे शेअर निघाले याच्या गोष्टी अजूनही चवीनं सांगतात. संगणक घरात यायला मात्र अमळनेरला इतर तालुक्यांइतकाच वेळ लागला.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण आणलं, सुट्या भागांची आयात सोपी झाली आणि ‘असेंबल्ड’, म्हणजे सुटे भाग जुळवून केलेलं मशीन, हा शब्द बाजारात आला. त्याच सुमाराला, १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं होतं आणि त्या लाटेत जळगावजवळ बांभोरीला आणि धुळ्याला कॉलेजं उभी राहिली. पण आमच्या भागात पीसीचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे हिशेब: साखर कारखान्यांची उसाची बिलं, पतसंस्थांचं व्याज, जिनिंगवाले, डाळमिलवाले, रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी आणि सीए लोक. पोरांनी खेळायला संगणक घ्यायचा ही कल्पना पुष्कळ नंतरची.

मशीन यायचं मुंबईहून नाही तर पुण्याहून. जळगाव ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटर. कंपनीचा इंजिनिअर ‘येतो’ म्हणाला की आठवडा धरायचा. त्यामुळं बिघाड झाला की दोनच रस्ते उरत: रात्रीच्या गाडीत हार्ड डिस्क मांडीवर घेऊन बसायचं, सकाळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला संगणकाच्या पार्टांचा बाजार, गाठायचा, नाही तर गावातल्या त्या दुसऱ्या पीसीवाल्याला गाठायचं. दुसरा रस्ता स्वस्त होता, म्हणून तो जास्त वापरला गेला. खान्देशातलं पीसीचं ज्ञान या अंतरामुळं वाढलं, असं माझं मत आहे. मुंबईत पार्ट बदलणं सोपं होतं, म्हणून तिथला माणूस पार्ट बदलायला शिकला. आमच्याकडचा माणूस आहे तोच पार्ट जिवंत ठेवायला शिकला.

त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं संगणकाचं नव्हतंच, विजेचं होतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत. नवा माणूस घाबरे, जुना म्हणे, ‘एवढं चालतंच.’ चालत नव्हतं. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचं मधलं टोक कॅबिनेटला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं असतं. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट निम्म्या दाबावर, शे-सव्वाशे व्होल्टवर, लटकत राहतं. करंट अगदी कमी, म्हणून माणूस वाचतो. पण प्रिंटर एका भिंतीच्या सॉकेटवर, पीसी दुसऱ्या भिंतीच्या, आणि चालू मशीनमध्ये प्रिंटरची केबल खोचली, की तो फरक पोर्टच्या, म्हणजे केबल खोचायच्या जागेच्या, चिपमधून वाट काढतो आणि पोर्ट जातं. पोर्ट का जळतं हे कुणाला कळत नव्हतं, पण ‘केबल लावायच्या आधी दोन्ही प्लग काढ, आणि दोघं एकाच बोर्डावर ठेव’ हा मंत्र नव्वदच्या आसपास सगळ्यांना पाठ झाला होता.

अर्थिंग केलेलं असलं तरी वैशाखात ते दगा देई. खड्ड्यात पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, हे सगळं ओल आहे तोवर. आमची काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, आणि खड्डा कोरडा पडला की झिणझिण्या परत. एका पतसंस्थेत शिपायाच्या रोजच्या कामात ‘संगणकाला पाणी घालणे’ हे होतं. परगावाहून आलेल्या तपासनिसाला ते ऐकून हसू आवरेना. शिपाई मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायचा.

उन्हाळ्याचा दुसरा प्रताप कूलरचा. एसी परवडत नसे, म्हणून वाळ्याचा कूलर लावायचा, आणि त्याची ओली हवा थेट मशीनवर गेली की फ्लॉप्यांवर बुरशी. जिनिंगमधल्या पीसीचं तर विचारूच नका. झाकण काढलं की आत रुईची गादी, पंखा त्यात रुतून बसलेला. तिथं महिन्यातून एकदा ब्लोअर मारायची सक्ती होती आणि ती सक्ती कंपनीनं नाही, शेजारच्या मोटार रिवायंडिंगवाल्यानं घातली होती.

त्या काळच्या वीस एमबीच्या सीगेट डिस्का तापून थंड झाल्या की आतलं वाचणारं हेड तबकडीला चिकटून बसे. मशीन चालू केलं तर डिस्क फिरण्याचा आवाजच नाही. त्यावर उपाय म्हणजे डिस्क काढून हातात धरायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा, बाटलीचं घट्ट झाकण फिरवताना देतात तसा. लागलीच चालू करून डेटा काढून घ्यायचा, कारण दुसऱ्यांदा ती उठेलच असं नाही. आणि मशीन हलवायच्या आधी हेड सुरक्षित जागी नेणारी ‘पार्क’ कमांड द्यायची, एसटीच्या टपावर जाणार असेल तर नक्कीच.

डिस्कवर फारच खराब जागा झाल्या तर मुळापासून फॉरमॅट. त्याची कमांड एका छोट्या पुस्तकात होती, पण आमच्या गावात ती फोनवरून आली. एसटीडी बूथ, रात्री उशिराची वेळ, कारण तेव्हा दर उतरे. पलीकडं धुळ्याचा एक कॉलेजवाला, अलीकडं मी, हातात पेन.

‘आधी डीबग लिही, एंटर मार. बारीक आडवी रेघ येईल.’

‘आली समज.’

‘मग जी, बरोबरचं चिन्ह, सी, आठ, शून्य, शून्य. मग विसर्ग.’

‘विसर्ग?’

‘अरे, दुःखातला विसर्ग, वर-खाली दोन टिंबं. मग पाच.’

कंट्रोलर कार्डाच्या मेमरीत फॉरमॅटचा प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर बसवलाय, तो हा पत्ता. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा तो आमच्यासाठी ‘दुःखातल्या विसर्गाचा फॉरमॅट’ होता आणि त्याच नावानं तो चोपड्यापर्यंत गेला.

सॉफ्टवेअरची गत वेगळी नव्हती. लिहायला वर्डस्टार, आकडेमोडीला लोटस, नोंदींना डीबेस थ्री प्लस, पुढं फॉक्सप्रो आणि हिशेबाला टॅली. विकत घेतलेलं थोडं, फ्लॉपीवरून उतरवलेलं फार. पुस्तकं झेरॉक्सची, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, कडेची अक्षरं कापलेली. म्हणून प्रत्येकाकडं वही असे. माझ्या वहीत पहिल्या पानावर बीपचे संकेत आहेत: एक लांब दोन आखूड, डिस्प्ले कार्ड, आठ आखूड, तेच, पण दुसऱ्या कंपनीचं बायोस, म्हणजे मशीन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्राम. त्यानंतर दहा पानं नुसती कॉन्फिग फाइलची, म्हणजे चालू होताना काय काय मेमरीत घ्यायचं त्या यादीची. विंडोजच्या आधीची मशीन चालवणारी प्रणाली म्हणजे डॉस, तिला ६४० केबीपलीकडचं काही सरळ दिसत नसे, मशीनमध्ये चार एमबी असली तरी. त्यामुळं माउसचा ड्रायव्हर वर सरकव, हे खाली आण, अशी मांडणी करून फॉक्सप्रोला जागा करून द्यायची. दोन केबी वाचवले की माणूस मोठ्या तोऱ्यात सांगे. १९९३ मध्ये डॉस ६ बरोबर मेममेकर आला, तो हेच काम आपोआप करू लागला आणि आमच्यातल्या दोघातिघांचा मान एकदम उतरला.

ज्या फ्लॉपीतून उपाय येई, त्याच फ्लॉपीतून आजारही येई. लाहोरच्या दोन भावांचा ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ चा. पण आमच्याकडं गाजला तो ‘जोशी’. १९९० मध्ये भारतातच पहिल्यांदा सापडला. वर्षभर गुपचूप राहायचा आणि ५ जानेवारीला पडद्यावर हुकूम सोडायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप कर. तसं टाइप केलं की मशीन मोकळं. कुठल्या तरी कचेरीत खरेच जोशी नावाचे साहेब होते आणि ऑपरेटरवर मेमो निघता निघता राहिला, हा किस्सा मी तीन वेगवेगळ्या गावांतून ऐकला आहे, म्हणजे तो कुठंच घडलेला नसावा. जोशीवरचा उपाय सोपा: लिहायची खाच चिकटपट्टीनं बंद केलेली स्वच्छ बूट फ्लॉपी टाकायची, मशीन पूर्ण बंद करून चालू करायचं, कारण कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला जोशी बधत नसे, आणि डॉसच्या एफडिस्क कमांडला एमबीआर हा जोड देऊन चालवायचं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा चालू करणारा भाग नव्यानं लिहिला जाई. वहीत मी ते लाल शाईनं लिहिलं होतं, खाली दोन रेघा.

त्या लाल शाईनंच माझा घात केला. १९९६ ची गोष्ट. काकांच्या अडतीवरच्या मशीनवर ‘वन हाफ’ नावाचा व्हायरस निघाला. मी ऐटीत फ्लॉपी टाकली, तोच उपाय केला, व्हायरस गेला. आणि अर्धे हिशेबही गेले. वन हाफ दर वेळी मशीन चालू झालं की डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग कुलूपबंद करत येतो, आणि जोवर तो स्वतः मेमरीत आहे तोवर ते कुलूप उघडून दाखवतो, म्हणून कुणाला कळत नाही. किल्ली त्याच्याचपाशी. मी किल्लीसकट त्याला हाकलला होता. काका काही बोलले नाहीत. दिवाणजींनी मात्र कपाटातून लाल कापडाची खतावणी काढली, जी बंद करा म्हणून मीच वर्षभर त्यांच्या मागं लागलो होतो, आणि म्हणाले, ‘मन्ही खतावणीले व्हायरस लागत नही, भो.’

यानंतर मी वहीत प्रत्येक उपायापुढं तो कधी करू नये हेही लिहायला लागलो. बाकीच्यांच्या वह्यांत तसं असायचं की नाही, सांगता येत नाही. टीप नेणारा माणूस अर्धीच नेतो हा माझा अनुभव आहे.

मराठी अक्षरांचा घोळ हा एक स्वतंत्र विषय आहे, इथं थोडक्यात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, तिथल्या जिस्ट कार्डामुळं डॉसमध्ये देवनागरी दिसू लागली. पण विंडोज आल्यावर प्रेसवाल्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट घेतले आणि प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. अमळनेरला जुळवलेली लग्नपत्रिका जळगावला उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी कचरा. म्हणून लग्नसराईत ‘फॉन्टसकट फ्लॉपी दे’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येई. सगळ्या फॉन्टांना एकच मांडणी देणारं युनिकोड रुळेपर्यंत हेच चाललं.

शेवटचा मोठा तडाखा २६ एप्रिल १९९९ चा, ‘चेर्नोबिल’ म्हणून ओळखला गेलेला सीआयएच व्हायरस. त्यानं मदरबोर्डाचं बायोसच पुसलं. मुंबईला चिप पाठवून परत लिहून आणायला चार दिवस जाणार होते. जळगावात एकानं तसाच दुसरा बोर्ड चालू केला, चालू असतानाच त्याची बायोस चिप सांडशीनं अलगद उचलून काढली, मेलेली चिप त्या जागी बसवली आणि तिच्यावर नवं बायोस लिहून घेतलं. ते बघायला आम्ही सातजण उभे होतो, कुणी श्वास घेत नव्हतं. आज मी हे कुणाला करायला सांगणार नाही.

पुढं ओघ बदलला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं झालं, पण सुरुवात मोठ्या शहरांत. आमच्याकडून जोडायचं तर एसटीडीचं बिल. गोलाणी मार्केटात पार्टची दुकानं थाटली आणि मुंबईची फेरी महिन्यावरून वर्षावर गेली. २००१ मध्ये संगणक शिक्षणाचं एमकेसीएल आलं, त्याच्या एमएस-सीआयटी या प्राथमिक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले आणि सरकारी नोकरीसाठी सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर घराघरातली पोरं माउस धरायला शिकली. त्या अभ्यासक्रमात खोडरबर नव्हता, अर्थिंगचा खड्डाही नव्हता.

माझी वही अजून आहे. तिच्यात शेवटची नोंद आहे १७२२३३, बीएसएनएलच्या डायल-अपचा नंबर, जो लावला की इंटरनेट मिळे. त्याच्यापुढची पानं कोरी होती. त्यांवर माझ्या भावानं दुकानाची उधारी लिहिली आहे.