मुलाचा पासपोर्ट आणि आई-बापाची फारकत: नियम कसे बदलले, कागद कुठे अडतो

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याला तहसीलसमोर अर्ज टंकून देणाऱ्याला विचारा, घटस्फोटित बाईला लेकराचा पासपोर्ट काढायचा आहे, काय लागेल? बहुतेकदा उत्तर येते, ‘दोघांच्या सह्या आणा.’ मग ती बाई ज्या माणसापासून सुटली त्याच्याच दारात सहीसाठी उभी राहते. नियम आता असे म्हणत नाही. पण हे उत्तर एका काळी जवळपास बरोबर होते, आणि टंकणाऱ्याच्या संगणकात नमुनेही त्याच काळातले पडून आहेत.

1967 पर्यंत पासपोर्ट देणे ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यापाठोपाठ पासपोर्ट कायदा आला. 1978 च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क आणखी घट्ट केला. या सगळ्यात मूल कुठेच नव्हते. हाताने लिहिलेल्या पासपोर्टच्या जमान्यात लहान मुलाचे नाव आईच्या किंवा बापाच्या पुस्तिकेत टाकले की काम भागत असे. पुढे एका माणसाला एक पासपोर्ट ही आंतरराष्ट्रीय पद्धत रुळली, यंत्राने वाचता येणाऱ्या पुस्तिका आल्या, आणि नोव्हेंबर 2015 नंतर हाताने लिहिलेले पासपोर्ट प्रवासाला बाद झाले. मुलाची पुस्तिका वेगळी झाली, तशी तिला संमती कोणाची हा प्रश्नही वेगळा झाला.

त्या प्रश्नाचे उत्तर पासपोर्ट कायद्यात नव्हते, ते आले पालकत्वाच्या कायद्यातून. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवय) व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र साधारणपणे आईकडे. ‘त्याच्यानंतर’चा अर्थ कार्यालये ‘तो मेल्यावर’ असाच घेत. 1999 मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सैल केला: बाप जिवंत असूनही मुलाकडे पाहत नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत आई पालक ठरते. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पासपोर्टवर बापाचे नाव टाकण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले.

खरा बदल डिसेंबर 2016 चा. परराष्ट्र मंत्रालयाने अर्जात आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचेच नाव पुरेसे केले, परिशिष्टे (अर्जाला जोडायचे नमुने, म्हणजेच ॲनेक्शर) 15 वरून 9 वर आणली, आणि ती साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतील असे ठरवले. नोटरी नको, दंडाधिकाऱ्याचा शिक्का नको. घटस्फोटित अर्जदाराला स्वतःच्या पासपोर्टसाठी घटस्फोटाचा हुकूमनामाही मागायचा नाही, हेही तेव्हाच ठरले. आज मुलासाठी दोन नमुने लक्षात ठेवायचे. दोन्ही पालकांची संमती असेल तर ॲनेक्शर डी, एकाचीच असेल तर ॲनेक्शर सी. जुन्या नमुन्यांची अक्षरे वेगळी होती. त्यामुळे टंकणाऱ्याने जुना कागद मुद्रांकावर छापून नोटरी करून दिला, तर पैसेही जातात आणि पासपोर्ट केंद्रावरून परतही यावे लागते. पासपोर्टच्या सरकारी संकेतस्थळावरून नवा नमुना काढून घ्यावा.

ॲनेक्शर सी मध्ये दुसऱ्या पालकाची सही का नाही ते लिहायचे असते: घटस्फोट झाला, वेगळे राहतात, सोडून गेला, संपर्क नाही, की नकार देतो. ताब्याचा दावा चालू असेल किंवा न्यायालयाने मनाई केली असेल, तर ते लपवू नये. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली खोट्या माहितीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दिलेली पुस्तिका जप्तही होऊ शकते. दुसऱ्या पालकाने नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात मनाईहुकमाची प्रत आधीच दिली असेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

आता आपल्याकडचा अडथळा. गावात फारकत पुष्कळदा कोर्टात होतच नाही. चार माणसे बसतात, सामान परत होते, शंभराच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून दोघांच्या सह्या होतात. (ऑक्टोबर 2024 पासून राज्यात तो मुद्रांक पाचशेचा झाला, कागद महागला, वजन तेवढेच.) हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याखाली अशी सोडचिठ्ठी तेव्हाच टिकते, जेव्हा त्या समाजात तशी रूढी असल्याचे सिद्ध करता येते. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तो कायदा मुळात लागूच होत नाही. तिथे पंचांसमोरची फारकत रूढीने खरी असते, पण मेळघाटातल्या पंचांचा निर्णय परदेशी वकिलातीच्या टेबलावर मांडायला कागदच नसतो. पासपोर्ट निघतो, व्हिसा अडतो.

म्हणून परदेशी जायचे नक्की असेल, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वाचा आदेश मिळवणे हा सरळ रस्ता. कुटुंब न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे जिल्हा न्यायालय. परस्परसंमतीने घटस्फोट चालू असेल तर तडजोडीच्या अटीतच दोन ओळी घालाव्यात: पासपोर्ट काढण्यास व नूतनीकरणास एकट्या आईची (किंवा बापाची) सही पुरेशी, आणि परदेश प्रवासास दुसऱ्याची हरकत नाही. ‘मुलाचा ताबा आईकडे राहील’ एवढेच वाक्य असलेले हुकूमनामे सर्रास दिसतात. त्यात प्रवासाचा उल्लेख नसतो, आणि ते वाक्य वाढवून घ्यायला पुन्हा त्याच कोर्टात जावे लागते. उलट, आदेशात ‘पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नये’ असेल, तर पासपोर्ट हातात असूनही परवानगी घ्यावीच लागते.

वकिलाती इतक्या चिकित्सा का करतात, याचेही कारण आहे. एका पालकाने मूल परस्पर परदेशी नेले तर ते परत पाठवावे, असा करार 1980 मध्ये हेग येथे झाला. भारत त्यात सामील नाही. 2009 मध्ये विधी आयोगाने आपल्या 218 व्या अहवालात सामील व्हावे असे सुचवले, 2016 मध्ये विधेयकाचा मसुदाही आला, पण पुढे गेला नाही. त्यामुळे इथून निघालेले मूल दुसऱ्या पालकाच्या संमतीनेच निघाले का, हे तिकडचे देश व्हिसाच्या वेळीच तपासतात. ऑस्ट्रेलियाचा तर 18 वर्षांखालच्यांसाठी संमतीचा वेगळा फॉर्म 1229 आहे. हुकूमनाम्याची नक्कल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागते, आणि काही देशांना राज्य शासनाची साक्षांकित मोहोर व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलही (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला). दोन-तीन आठवडे त्यातच जातात, हे धरून चालावे.

नावाचा घोळ मात्र सगळ्यांना गाठतो. जन्मदाखल्यात आईचे सासरचे नाव, आधारवर माहेरचे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात मूल, आई, बाप, आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे, त्याआधीच्यांचा क्रम वेगळा. नियम हुकूमनामा मागत नाही हे खरे, पण आईची ही दोन नावे एकाच बाईची आहेत हे जोडून दाखवणारा कागद बहुधा तोच असतो. फाईलमध्ये ठेवावा.

जन्मदाखलाही नीट पाहावा. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरे काही चालत नाही. नोंदीत मुलाचे नावच नसेल तर ते 15 वर्षांपर्यंत ग्रामपंचायतीत घालून घेता येते. नोंदच नसेल आणि वर्ष उलटले असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे काम पासपोर्टच्या अर्जाआधी.

बाकी सोपे. शुल्क हजार रुपये, आठ वर्षांखालील मुलाला पहिल्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, तत्काळ हवे तर दोन हजार जास्त. मुदत पाच वर्षे किंवा 18 पूर्ण होईपर्यंत, जे आधी. केंद्रावरच्या भेटीला मूल सोबत न्यावेच लागते, आणि ते चार वर्षांखालचे असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो घरूनच न्यावा.