भट्टीचा आकडा आणि पात्याचे तापमान

विजेवर चालणाऱ्या भट्टीच्या जाहिरातीत कमाल तापमान ठळक छापलेले असते: १२०० अंश, १३०० अंश. सुऱ्या घडवणाऱ्याला तेवढ्याची गरज क्वचितच पडते. साधी कार्बन पोलादे कडक करायला ८०० ते ८५० अंश सेल्सिअस पुरतात आणि सुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेनलेस पोलादांचे काम १०५०-१०८० च्या आसपास भागते. भट्टी ठरलेल्या अंशावर टिकून राहते का आणि पाते टोकापासून मुठीपर्यंत सारखे तापते का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

सुमारे ७२७ अंशांपुढे पोलादातल्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. त्याच क्षणी पाते तेलात बुडवले की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकतो आणि पोलाद कडक होते. तापमान कमी पडले तर कार्बन पुरेसा विरघळत नाही, धार लवकर बोथट होते. फार वाढले तर आतले कण फुगतात आणि पाते ठिसूळ होते. लोहार हे रंगावरून ओळखत आले, पण तोच लाल रंग उन्हात वेगळा दिसतो आणि अंधारात वेगळा. लोहचुंबक ७७० अंशांच्या आसपास चिकटेनासा होतो. त्यापुढे किती चढले, हे तो सांगत नाही. शिवाय स्टेनलेसमधली क्रोमियमची कार्बाइडे (क्रोमियम आणि कार्बनची कठीण संयुगे) सावकाश विरघळतात, म्हणून पाते ठरलेल्या तापमानाला काही मिनिटे धरून ठेवावे लागते. कोळशाच्या भट्टीत हे जमवणे फार कठीण.

पडद्यावरचा आकडा असतो तो थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या, टोकाचा. के प्रकारच्या साध्या थर्मोकपलला ०.७५ टक्के चूक माफ असते. १०६५ अंशांवर ती ८ अंश होते, आणि जास्त तापमानात वापरून तो हळूहळू आणखी चुकतो. म्हणून दुसरा थर्मोकपल पात्याशेजारी ठेवून एकदा तरी ताळा घ्यावा. त्यात कॉइलची, म्हणजे विजेने तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची, उष्णता पात्यावर थेट किरणांनी पडते. तापमान सांभाळणारा कंट्रोलर ठरलेला आकडा ओलांडून मग खाली येणारा असेल, तर पातळ टोक आधी जास्त तापते. पीआयडी कंट्रोलर (ठरलेल्या आकड्याजवळ येताना वीज आपोआप कमी-जास्त करणारा) आणि आवाज न करता झरझर चालू-बंद होणारा सॉलिड स्टेट रिले हा विजेचा स्विच यांवर पैसे खर्चावेत, असे माझे मत. दाराजवळचा भाग नेहमी थंड राहतो, तेव्हा आतली लांबी पात्याहून चांगली वीतभर जास्त हवी.

दार उघडताच कॉइलची वीज तोडणारा स्विच नसेल, तर ती भट्टी घेऊच नये. आत लोखंडी चिमटा जाणार असतो!

हवेतला ऑक्सिजन तापलेल्या पृष्ठभागातला कार्बन खातो. त्यावर स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात पाते गुंडाळणे हा सोपा उपाय. पोलादाशी संयोग न पावणारा आर्गॉन वायू आत सोडायची नळी असेल तर उत्तमच.

विटांची भट्टी उष्णता धरून ठेवते, दार उघडल्यावर लवकर सावरते. पण तीच अडचणही होते. कडक केलेले पाते लगेच १७५ ते २३० अंशांना टेंपर करायचे, म्हणजे पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा कमी करायचा असतो आणि भट्टी निवायला कित्येक तास लागतात. हजार अंशांसाठी जुळवलेला कंट्रोलर २०० वर नीट थांबतही नाही. टेंपरिंगसाठी वेगळा लहान ओव्हन लागतोच, तेव्हा त्याचा खर्च भट्टी घेतानाच धरावा.