ठोके दिसले नाहीत, तर?

पहिल्या सोनोग्राफीला जाताना मनात एकच धाकधूक असते: बाळाचे ठोके दिसतील ना? पाचव्या आठवड्यात ते दिसले नाहीत, की पायाखालची जमीन सरकते. पण तेव्हा ते बहुधा दिसतच नाहीत. गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाच आठवडे भरले तेव्हा गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. पडद्यावर दिसते ती काही मिलिमीटरची, पाण्याने भरलेली पिशवी. ठोक्यांची लुकलुक साधारण सहा आठवडे भरताना दिसू लागते. त्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा सुटले असेल, तर आणखी उशिरा.

म्हणूनच घाईने निदान करायचे नसते. योनिमार्गे केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी 7 मिमी किंवा अधिक असूनही ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास 25 मिमी होऊनही आत गर्भ नाही, तेव्हाच गर्भ टिकला नाही असे म्हणता येते. त्याहून लहान असेल तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचे. पूर्वी कित्येक ठिकाणी गर्भाची 5 मिमी लांबी पुरेशी मानत. जिवंत गर्भ चुकून गमावला जाऊ नये, म्हणून मर्यादा वाढवली. ही वाट पाहणे फार जड जाते. तरी ती पाहावी.

मात्र एका बाबतीत थांबायचे नाही. दिवस राहिलेत हे लघवीची चाचणी सांगते, गर्भ कुठे रुजला हे सांगत नाही. 100 गर्भधारणांपैकी 1-2 मध्ये तो गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनी नळीत रुजतो. नळी फुटली तर जिवावर बेतते. पोटात एका बाजूला दुखणे, रक्तस्राव किंवा भोवळ असेल, तर तपासणी त्याच दिवशी हवी.

प्रसूतीची तारीखही याच काळात नेमकी कळते. 1973 मध्ये ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंतची गर्भाची लांबी मोजून वय काढण्याची रीत मांडली. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, त्यामुळे अंदाज पाच-सात दिवसांपलीकडे सहसा चुकत नाही. पुढे प्रत्येक बाळाची चण वेगळी होत जाते आणि ही संधी हातची जाते. जुळी असतील, तर दोघांची वार एकच की वेगवेगळी, हेही आताच स्पष्ट दिसते.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी. तरी डॉप्लर या सोनोग्राफीच्याच एका प्रकाराने ठोके ऐकवताना ऊर्जा एकाच जागी अधिक पडते, ऊती किंचित तापू शकतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टर ठोके ऐकवण्याऐवजी पडद्यावरची नागमोडी रेघ दाखवतात.