स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा परिषद नव्हे

बाबा पहिल्यांदा न्यू जर्सीला आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर पडलेलं घरपट्टीचं बिल त्यांनी उचललं आणि पुढची दहा मिनिटं ते खाली ठेवलं नाही. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागद हातात आला की आधी बेरीज पडताळायची, ही खोड गेलेली नाही. बिलात ठळक तीन ओळी होत्या: काउंटी, टाउनशिप (म्हणजे गावाची स्थानिक संस्था), शाळा. शाळेची ओळ सगळ्यांत मोठी, एकूण रकमेच्या निम्म्याहून थोडी जास्तच.

"अगं, घरपट्टीत शाळेचे एवढे पैसे? मग जिल्हा परिषद काय करते?"

इथे जिल्हा परिषद नसते, स्कूल डिस्ट्रिक्ट असतं, असं मी म्हणाले. "तेच की," बाबा म्हणाले, "डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा."

ही गफलत एकट्या बाबांची नाही. इथे नव्याने आलेली मराठी मंडळी घर शोधताना "डिस्ट्रिक्ट चांगलं आहे ना?" असं विचारतात, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर सातारा किंवा नाशिक एवढा मोठा तुकडा असतो. जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट इथे काउंटी. एका मिडलसेक्स काउंटीतच वीसहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, अख्ख्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास. त्यांतल्या काहींकडे एखाद-दुसरी शाळा असते. एकही शाळा नसलेले डिस्ट्रिक्टसुद्धा होते: मुलं शेजारच्या गावात पाठवायची, फी भरायची, पण स्वतःचं शाळा मंडळ मात्र राखायचं. असे डझनभर डिस्ट्रिक्ट २००९ मध्ये शेजाऱ्यांत विलीन केले गेले. उलट महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ३४, आणि एकट्या पुणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळाच साडेतीन हजारांच्या घरात.

आकाराचा फरक लगेच दिसतो. पण खरा फरक पैसे कोण गोळा करतं आणि जाब कोणाला विचारायचा, यात आहे.

जिल्हा परिषद ही सगळ्या कामांची संस्था. १९६१ च्या कायद्याने ती आली आणि १ मे १९६२ पासून कामाला लागली. रस्ते, पाणीपुरवठा, आरोग्य केंद्रं, पशुसंवर्धन आणि त्यातच शिक्षण. शिक्षण समिती आहे, तिचे सभापती आहेत. प्रशासनाच्या बाजूने मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मग मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे ज्याला सगळे "सेस" म्हणतात ते, जमीन महसुलावरचा उपकर वगैरेतून येतं, आणि शाळांच्या एकूण खर्चापुढे ते चिल्लर आहे. शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून. भरती राज्याच्या "पवित्र" या ऑनलाइन पोर्टलवरून. बदल्यांचं धोरण ग्रामविकास खात्याचं, अभ्यासक्रम शालेय शिक्षण खात्याचा. एका शिक्षकावर दोन खात्यांचे जी.आर. येऊन आदळतात, ते यामुळे.

स्कूल डिस्ट्रिक्टला एकच काम: शाळा. आणि त्या कामापुरतं ते जवळजवळ स्वतंत्र सरकारच असतं. त्याचं मंडळ बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात, तीन वर्षांसाठी, बहुधा नऊ सदस्य. त्यांना मानधन नाही. तेच सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमतात, शिक्षकांच्या नेमणुकांना मंजुरी देतात, शिक्षक संघटनेशी पगाराचा करार करतात. आणि मुख्य म्हणजे कर किती लागेल ते ठरवतात. अंदाजपत्रकातून राज्याची मदत आणि इतर जमा वजा केली की उरलेली रक्कम गावातल्या घरांवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटून टाकायची. वसुली टाउनशिपने करायची, पण कोणी कर थकवला तरी डिस्ट्रिक्टचे पैसे टाउनशिपने पूर्ण भरायचे. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे थकबाकीचं दुखणं ग्रामपंचायतीचं आणि पूर्ण ताट शाळेचं. झकास आहे."

पूर्वी दर एप्रिलला शाळेच्या अंदाजपत्रकावर गावात मतदान व्हायचं. २०१० मध्ये राज्याने करवाढीला दोन टक्क्यांची मर्यादा घातली, आणि २०१२ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टांना मुभा दिली की मंडळाची निवडणूक नोव्हेंबरात घ्या, आणि मर्यादेत राहात असाल तर अंदाजपत्रकासाठी लोकांना मत विचारू नका. बहुतेकांनी ती लगेच उचलली. मर्यादा ओलांडायची असेल किंवा इमारतीसाठी मोठं कर्ज काढायचं असेल, तर मात्र मतदान घ्यावंच लागतं.

त्या पहिल्या खेपेलाच मी बाबांना इथल्या एका लहान डिस्ट्रिक्टच्या मंडळाच्या सभेला घेऊन गेले. शाळेच्या ग्रंथालयात, मुलांच्या ठेंगण्या खुर्च्या बाजूला सरकवून टेबलं जोडलेली. विषय जुना बॉयलर बदलण्याचा. ऐकायला आम्ही धरून पाचजण. शेवटी जनतेला बोलायची वेळ आली, माणशी तीन मिनिटं, आणि एक आजोबा उठून म्हणाले की तीन निविदांपैकी सर्वांत कमी रकमेच्या निविदेत जुना बॉयलर उचलून न्यायचा खर्च धरलेला दिसत नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी पानं उलटली. आजोबांचं बरोबर होतं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

परतताना बाबा गाडीत गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे हे काम शाळा व्यवस्थापन समितीचं."

इथे दुसरी गफलत सुरू होते, आणि ती जास्त नाजूक आहे. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कशावर खर्च झालं ते बघायचं, शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं. रचना बघितली तर अमेरिकन मंडळाची धाकटी बहीण वाटावी. पण समिती कर लावत नाही, शिक्षक नेमत नाही, कोणाची बदली थांबवू शकत नाही. तिच्या हातात येते ती समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाची रक्कम: पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००. त्यात विजेचं बिल, खडू, फडे, गळकी कौलं, शौचालयाची डागडुजी. बाबांच्या काळात याला "सादिल" म्हणत आणि त्याहूनही कमी यायचं. अनुदान उशिरा यायचं आणि ३१ मार्चच्या आत संपवायचं असायचं. फेब्रुवारीत पैसे, मार्चमध्ये पावत्या, आणि मग उपयोगिता प्रमाणपत्रासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात रांग. ठराव वहीत मात्र सगळं "सर्वानुमते". उरलेल्या गरजांसाठी लोकवर्गणी. गावाने मनावर घेतलं तर डिजिटल वर्ग उभा राहतो, नाही घेतलं तर पत्र्यावर पावसाचा आवाज ऐकत शिकायचं.

न्यू जर्सीतल्या डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जूनचं, आणि त्याला थोडी शिल्लक पुढे नेता येते. लहान डिस्ट्रिक्टला ती लागतेच, कारण तिथे एका मुलाने गणित बिघडतं. विशेष गरजा असलेल्या एका मुलाला दुसरीकडच्या खास शाळेत पाठवायचं ठरलं तर फी आणि वाहतूक धरून वर्षाला लाख डॉलरपर्यंत खर्च जाऊ शकतो. राज्य त्यातला काही भाग परत देतं, पण नंतर. मुलाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग अमेरिकन पद्धतच बरी. मला तसं वाटत नाही. घराच्या किमतीवर शाळा उभी असेल तर स्वस्त घरांच्या गावात करवाढ करूनही पैसे कमीच जमतात. याच मुद्द्यावर टेक्ससमधल्या पालकांनी केलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला; समान निधी मिळणं हा राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. न्यू जर्सीच्या न्यायालयाने मात्र त्याच वर्षी राज्याच्या स्वतःच्या घटनेवर बोट ठेवून उलट कौल दिला. पुढे विधिमंडळ पैसे उभे करायला तयार होईना, तेव्हा १ जुलै १९७६ ला न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या सरकारी शाळाच बंद झाल्या. त्यानंतर पैसे उभे करायला राज्याचा प्राप्तिकर आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पगार राज्य देतं, म्हणून गडचिरोलीच्या आणि मुळशीच्या शिक्षकाची मूळ वेतनश्रेणी एकच असते. तिथली उणीव वेगळी: ज्याचे पैसे त्याचं ऐकायचं, आणि पैसे मुंबईहून येतात. त्यातही मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात शिक्षण समितीचे सभापतीच नव्हते, तर पालकाने जाब विचारायचा कोणाला?

गुणांच्या बाबतीत दोन्हीकडे एकच चूक होते. लहान शाळेचा टक्का वाचताना त्यामागे मुलं किती, ते कोणी मोजत नाही. वर्गात अकरा मुलं, नऊ अपेक्षित पातळीवर: ८२ टक्के. पुढच्या वर्षी दुसरी अकरा मुलं, सात पातळीवर: ६४ टक्के. दोन मुलांच्या फरकावर इथले दलाल घराची जाहिरात बदलतात आणि तिकडे मुख्याध्यापकांना नोटीस येते. न्यू जर्सीच्या अहवालात गट दहापेक्षा लहान असेल तर आकडाच झाकतात, ते योग्य आहे.

महाराष्ट्रात तर कुठला आकडा कशाचा, हेच आधी बघावं लागतं. "असर" हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन होतं. त्यात खासगी शाळेतली आणि शाळाबाह्य मुलंही येतात, आणि त्याचा निष्कर्ष जिल्ह्याबद्दल किंवा राज्याबद्दल असतो. तुमच्या गावच्या शाळेबद्दल ते काहीच सांगत नाही. शाळेत होतात त्या पायाभूत आणि संकलित चाचण्या. त्या तिथलेच शिक्षक घेतात, तेच तपासतात. एकाचा आकडा घेऊन दुसऱ्याला झोडपायचं, हा खेळ दरवर्षी वर्तमानपत्रांत रंगतो. बाबांनी पंचवीस वर्षं शाळांचे तक्ते भरले. त्यांचं मत विचारलं तर म्हणतात, "तिसरीच्या पोराला धडा वाचायला सांग, तुला दोन मिनिटांत कळेल."

घर शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. पत्त्यातलं गाव आणि डिस्ट्रिक्ट यांची गल्लत करू नका. पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टनचा असलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात साउथ ब्रन्सविक किंवा प्लेन्सबरोत आहेत, आणि प्रिन्स्टन जंक्शन तर वेस्ट विंडसरमध्ये येतं. डिस्ट्रिक्ट पोस्टावर ठरत नाही, कर कुठल्या टाउनशिपला भरता त्यावर ठरतं. म्हणून घरमालकाकडून शेवटचं घरपट्टीचं बिल मागून घ्या. १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर असे चार हप्ते त्यावर असतात आणि वर टाउनशिपचं नाव छापलेलं असतं. आमच्या त्या पहिल्या बिलाची झेरॉक्स बाबा गावी घेऊन गेले, केंद्रातल्या जुन्या शिक्षकांना दाखवायला.