लाल शेंडीचा वृक्ष-उंदीर: जवळपास शतकभराच्या खंडाची पार्श्वभूमी

कोलंबियाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्रापासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर सिएरा नेवाडा दे सान्ता मार्ता हा डोंगरसमूह सुमारे ५,७०० मीटरपर्यंत चढत जातो. अँडीजच्या मुख्य रांगेपासून तो तुटलेला आहे. म्हणूनच जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे कितीतरी पक्षी आणि बेडूक इथे घडले. लाल शेंडीचा वृक्ष-उंदीरही इथलाच.

त्याची पहिली नोंद १८९८ची. हर्बर्ट हंटिंग्डन स्मिथ या अमेरिकी संग्राहकाला एक नमुना मिळाला आणि पुढच्याच वर्षी जोएल असाफ ॲलन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. १९१३च्या सुमारास मेल्बर्न कॅरिकर यांना दुसरा नमुना सापडला. पुढे शंभरेक वर्षं काहीच नाही. शोधमोहिमा निघाल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या.

वर्गीकरणाचं काम मात्र त्या दोन नमुन्यांवर चालूच राहिलं. ॲलन यांनी तो आयसोथ्रिक्स वंशात घातला होता, नंतर तो डिप्लोमिसमध्ये गेला. शेवटी २००५ मध्ये लुईस एमन्स यांनी त्याच्यासाठी सान्तामार्तामिस हा स्वतंत्र वंश मांडला. जिवंत प्राण्याचा एकही फोटो हाताशी नसताना केलेलं हे बारकाईचं काम मला फार मोलाचं वाटतं.

मग ४ मे २०११. याच डोंगरातल्या एल दोरादो अभयारण्यात बेडकांच्या पाहणीसाठी आलेले दोन स्वयंसेवक रात्री साडेनऊच्या सुमारास विश्रामगृहात होते. हा प्राणी आपणहून आला आणि जिन्याच्या कठड्यावर चढला. मानेभोवती तांबूस केसांची आयाळ, अंगावर मऊ लोकर, शेपूट बुडाशी काळी आणि टोकाला पांढरी. शेपटीसकट लांबी सुमारे ४५ सेंटीमीटर. नावात उंदीर असला तरी नात्याने तो गिनीपिगला जास्त जवळचा. जवळपास दोन तास तो तिथेच रेंगाळला, आणि या जातीचे पहिलेवहिले फोटो निघाले.

एल दोरादोचं जंगल प्रोआवेस या संस्थेने राखलं ते मुख्यतः दुर्मीळ पक्षी आणि बेडकांसाठी. या उंदराचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असणं शक्यच नव्हतं, तरी आसरा त्यालाही मिळाला. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. आजूबाजूचं जंगल बरंचसं तुटलं आहे आणि माणसांमागोमाग आलेली मांजरं रानात शिरून मोकाट शिकार करतात. अभयारण्याची हद्द मांजरांना अडवत नाही, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त आधी व्हायला हवा.